गिगसाठी चार बाय दहा सोडून एकच बारा इंची कॅब घेतली तर पुरेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बेस गिटारची चार बाय दहा कॅब (दहा इंची चार स्पीकर असलेली पेटी) ३८ किलोची आहे, रिक्षात मावत नाही, हॉलच्या जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागतात. बेस पाच तारांचा, हेड (कॅबला पॉवर देणारा अँप्लिफायर) क्लास-डी या हलक्या जातीचा, ४ ओहमला ५०० वॉट (ओहम म्हणजे कॅबचा विद्युत रोध). गिग बहुतेक कॅफेत आणि लग्नाच्या हॉलमध्ये. एकच हलकी बारा इंची घेतली तर खालचे सूर जातील का, आणि ती ८ ओहमची असली तर निम्मी पॉवर फुकट जाईल का?

पुरेल. पण आधी त्या कॅबकडून काम कोणतं करून घ्यायचंय ते ठरवा. हॉलमध्ये साउंडवाला डीआयमधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून) तुमचा बेस पीएत, म्हणजे हॉलच्या मुख्य साउंड सिस्टिममध्ये घेतो. मागच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतं ते पीएच्या सबमधून, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून. तुमची कॅब तिथे फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यायची असते. कॅफेत पीएमध्ये गाणाराच असतो आणि बेसचा सगळा भार कॅबवर येतो, पण खोली लहान असते. खरी अडचण उघड्या लॉनवर, जिथे सब नाहीत आणि ड्रमर हात राखून वाजवत नाही. एक बारा इंची तिथे कमी पडेल. त्यावर उपाय आहे, पुढे सांगतो.

खालच्या सुरांबद्दलची भीती समजते, पण आकडे बघा. बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, तुमची बी जेमतेम ३१ हर्ट्झची. अँपेग या कंपनीची प्रसिद्ध आठ बाय दहा कॅब, जी १९६९ च्या एसव्हीटी हेडसोबत आली आणि रॉकच्या स्टेजवर भिंतीसारखी उभी राहिली, तिच्या ताज्या आवृत्तीचं वजन ६३ किलोच्या आसपास आहे, आणि कंपनीच्याच कागदावर तिचा पूर्ण आवाज ५८ हर्ट्झपासून वर आहे. एवढ्या मोठ्या पेटीतूनही मूळ ई पूर्ण जोराने येत नाही. आपल्याला बी ऐकू येते ती मुख्यतः ६२ आणि ९३ हर्ट्झच्या तिच्या वरच्या स्वरांतून. खालचा पाया कान स्वतः भरून काढतो. म्हणून पेटी लहान झाली की बेस संपला, असं होत नाही.

मात्र फुकट काही मिळत नाही. लहान पेटी, खोल बास आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच हाती लागतात. हॉफमन या स्पीकर-अभियंत्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि तो कुठल्याही ब्रँडला चुकलेला नाही. त्यामुळे कोणी छोटी कॅब दाखवून ती खोलही आहे आणि जोरातही आहे म्हणालं, तर जरा थांबा.

वजन कमी होतं ते दोन कारणांनी. फेराइटच्या जागी निओडिमियमचं चुंबक, जे तेवढ्याच ताकदीला कितीतरी हलकं असतं. आणि जाड लाकडाऐवजी पातळ पण आतून आडवे-उभे टेकू दिलेला प्लाय. चांगल्या बारा इंची कॅब आज १० ते १५ किलोत मिळतात. स्वस्त हलक्या पेट्यांमध्ये प्लायऐवजी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) नाही ना, ते मागचं कव्हर किंवा जॅकची पट्टी काढून बघा. कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा एमडीएफचे कोपरे फुगवतो.

आता ओहमचा प्रश्न. ८ ओहमला तुमचं हेड २५० ते ३०० वॉट देईल. निम्मी पॉवर ऐकायला भयंकर वाटते, पण कानाला तो फरक ३ डेसिबलच्या आसपास असतो. लक्षात येतो, गिग बिघडवत नाही. आणि तीच ८ ओहमची दुसरी कॅब जोडली की दोन्ही मिळून ४ ओहम होतात, हेड पूर्ण पॉवर देतं आणि दुप्पट कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) हवा ढकलतात. पॉवरचे ३ आणि कोनचे ३, एकूण जवळपास ६ डेसिबल. लॉनसाठीचा उपाय हाच. म्हणूनच एकटी ४ ओहमची कॅब घेऊ नका: तिला जोडीदार आणला तर २ ओहम होतात, आणि बहुतेक क्लास-डी हेडना ते चालत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एक बारा घेतली असती आणि पैसे जमले की त्याच मॉडेलची दुसरी. एकसंध दोन बाय बारा नाही, कारण ती पुन्हा दोन हातांनी उचलायची वस्तू होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅब एकत्र लावणंही टाळा. एक जोरात, एक दबलेली, आणि काही सुरांवर एकमेकींना खातात. दोन्ही उभ्या रचा, शेजारी-शेजारी नको. वरची कानाजवळ येते आणि डावी-उजवीकडे उभ्या मंडळींना आवाज सारखा जातो.

पाच तारांसाठी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: हाय-पास फिल्टर, म्हणजे ठराविक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारी सोय. तोच आवाज एक सप्तक खाली काढायला कोनला चौपट हलावं लागतं. भोक असलेल्या पेटीत, ती जिथे ट्यून केलेली असते त्याखाली कोनला आतल्या हवेचा आधारच उरत नाही. वॉट मर्यादेत असूनही बी वाजवताना स्पीकर फडफडतो तो यामुळे. ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापलं तर ऐकताना फारसं काही गमावत नाही आणि लहान कॅब बरीच जोरात चालते. काही हेडमध्ये ही सोय असते, नसेल तर छोटा पेडल मिळतो.

लग्नाच्या स्टेजचं वेगळंच असतं. लोखंडी सांगाड्यावर प्लाय आणि वर गालिचा, म्हणजे आतून पोकळ. जमिनीवर ठेवलेली कॅब तो सगळा घुमवते. तिथे कॅब खुर्चीवर किंवा पेटीवर उचला, घुमणं कमी होईल आणि मधले सूर गुडघ्यांऐवजी कानावर येतील. कॅफेत उलट करा: जमिनीवर, भिंतीला लागून, खालचा भाग आपोआप भरतो.

दुकानात जाताना स्वतःचा बेस आणि हेड न्या. टोन नंतर लावा, आधी सगळे नॉब मध्ये ठेवून गिगच्या आवाजात मोकळी बी वाजवा आणि चार-पाच पावलं मागे जाऊन ऐका. शक्य असेल तर ड्रमरला सोबत न्या. एकट्याने वाजवताना जी कॅब भरलेली वाटते ती किकखाली (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमखाली) पुष्कळदा नाहीशी होते. हेड ते कॅब वायर स्पीकॉनची (स्पीकरसाठीच्या लॉक होणाऱ्या जोडणीची) घ्या, गिटारची कधीच नको. आणि चार बाय दहा लगेच विकू नका, रिहर्सलच्या खोलीत राहू द्या.