नवरा घोरता घोरता मध्येच गप्प होतो आणि दचकून श्वास घेतो. दवाखान्यात दाखवावं का?

ताई, दाखवाच. सासूबाई म्हणतात तसं "दमून येतो, गाढ झोपतो" असं हे प्रकरण वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या मिस्टरांच्या जागी मी स्वतः होतो, म्हणून लिहितोय.

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे, वय ५४. माझ्या घोरण्याची कीर्ती पाहुण्यारावळ्यांत आधीपासूनच. तासगावला एका लग्नात कार्यालयाच्या हॉलमध्ये सगळं वऱ्हाड झोपलेलं. सकाळी चहाला मेहुणा म्हणाला, "दाजी, रात्रभर मळणी मशीन चालू होतं की!" सगळे हसले, मीही हसलो. मशीन मध्येमध्ये बंद का पडत होतं, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास अडण्याच्या याच आजाराचं नाव घेतलं होतं. ती बातमी बघताना "घोरून माणूस मरतो होय?" असं म्हणणारा मीच.

तोवर माझी बीपीची गोळी एकाची दोन, दोनाची तीन झाली होती. रात्री तीनदा लघवीला उठायचो, म्हणून शुगर तपासली, ती नॉर्मल. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. सौद्यात उभ्या उभ्या पेंग यायची. बीपीच्या डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं, झोपेचं एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही म्हणा, झोप लागतेय ही काय तक्रार झाली?

मग एकदा उसाच्या सीझनमध्ये पेठहून परतताना तुंगच्या अलीकडे डोळा लागला. भर दुपारी. जाग आली तेव्हा समोर उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग, बोनेटपासून हातभर. ब्रेक लागला, वाचलो. घरी सांगितलं नाही, पण बायकोला चेहऱ्यावरून कळलंच.

त्या रात्री तिनं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी ऐकवलं. आधी माझं घोरणं. मग एकदम शांत, फक्त पंख्याची कटकट. मी स्क्रीनवरचे सेकंद मोजत होतो: दहा, वीस, तीस. अडतिसाव्या सेकंदाला तिचा दबका आवाज, "अहो..." आणि मग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा माझा श्वास. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. ती म्हणाली, दोन वर्षं मी त्या शांततेला जागी होते.

मिरजेत छातीच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हवा ओढायची धडपड करतात, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो. माणसाला ते कळतही नाही, पण झोपेचं पार भुसकट होतं आणि दर वेळी बीपीला धक्का बसतो. असे अडथळे तासाला पाचपर्यंत चालतात, तीसच्या वर गेले की आजार तीव्र. घरीच रात्रभर छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून टेस्ट झाली. माझे आले ४१.

उपाय म्हणून सीपॅप मशीन मिळालं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. पहिल्या रात्री एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटलं, दोनदा काढून फेकलं. नातू हत्ती म्हणतो. पण आठवड्याभरात सकाळचं डोकं हलकं झालं, पुढे डॉक्टरांनी बीपीची एक गोळीही कमी केली. मशीन महाग आहे, चाळीस हजारांच्या आसपास पडलं, आणि लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरला जोडलंय. सगळ्यांना मशीनच लागतं असं नाही. कुणाचं वजन उतरून भागतं, कुणाला दातांचे डॉक्टर रात्री घालायचं साधन देतात. ते टेस्टनंतर ठरतं.

मिस्टर सडपातळ असले तरी निर्धास्त राहू नका, जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसांनाही हा त्रास होतो. घेत असतील तर रात्रीची दारू बंद. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. उताणं झोपू देऊ नका. आणि दिवसा पेंगत असतील तर तपासणी होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा, भांडण झालं तर होऊ दे.

डॉक्टरांकडे त्यांना एकटं पाठवू नका, रेकॉर्डिंग घेऊन तुम्ही सोबत जा. "झोप कशी लागते?" विचारलं की ते "एकदम मस्त" म्हणतील. मीही तेच म्हणालो होतो. बायकोनं शेजारून मोबाईल पुढे सरकवला.