मृग लागतो जूनमध्ये, दिसतो मार्गशीर्षात

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आपल्या एका सदस्याने विचारले आहे की, घरातील वडीलधारी माणसे ‘मिरग लागला’ म्हणत असत त्या दिवसांत, म्हणजे ८ जूनच्या सुमारास, आभाळ मोकळे असूनही या सदस्याला मृग नक्षत्र कोठेच सापडले नाही. मग ते पाहायचे केव्हा, आणि आपल्या भागातून कोणत्या ऋतूत काय दिसते?

त्या रात्री मृग दिसणे शक्यच नव्हते. पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजतात. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे सत्तावीस भाग केले की एकेका भागात तो साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. २५ मेच्या सुमारास तो रोहिणीत येतो, ७-८ जूनला मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रात. ज्या तारकांच्या दिशेला सूर्य आहे, त्या त्याच्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. म्हणून मृग लागतो तेव्हा मृगाच्या तारका दिवसा आपल्या डोक्यावर असतात आणि रात्रीच्या आकाशात नसतात. मृगापासून हस्तापर्यंतच्या नवही नक्षत्रांना हाच नियम लागू आहे.

चांद्रमासांची नावे मात्र नेमकी उलट बाजूने आली आहेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, आणि तो ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्याला नाव मिळते. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक आणि मृगशीर्षावरून मार्गशीर्ष. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला जूनमध्ये पेरणीची वेळ सांगणारा मृग आणि डिसेंबरात महिन्याला नाव देणारा मृग या त्याच तारका आहेत. एकदा सूर्य तेथे असतो, एकदा पौर्णिमेचा चंद्र. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर आपल्याकडून असंख्य भाविक जातात. त्या रात्री चंद्र मृगाच्या परिसरात असतो, आणि प्रखर चांदण्यातही त्यातले ठळक तारे ओळखू येतात.

तरीही मृग नीट पाहण्यासाठी मी एळ्ळ अमावास्या सुचवीन. ती डिसेंबर-जानेवारीत येते आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत घरची सारी माणसे त्या दिवशी जेवण घेऊन शेतावर जातात, चरग, म्हणजे नैवेद्याचे अन्न, शेतात शिंपडतात. चंद्र नसतो, हवा कोरडी असते, शेत गावाच्या दिव्यांपासून दूर असते. परतण्याची घाई न करता अंधार पडल्यावर थोडा वेळ तेथेच थांबल्यास पूर्वेला मृग वर आलेला दिसतो. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरिणाचे पाय. त्यांपैकी तांबूस तो काक्षी आणि निळसर पांढरा तो राजन्य. मधोमध एका रेषेतील तीन तारे म्हणजे त्या हरिणाला लागलेला बाण. त्या तिघांची रेघ खाली वाढवली की रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. प्रजापती हरिणाचे रूप घेऊन रोहिणीच्या मागे धावला आणि त्याला बाणाने विद्ध केले, ही कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे, आणि बाण तीन कांडांचा असल्याचेही तेथेच सांगितले आहे. रोहिणी, मृग आणि व्याध हे तिघे आकाशात ज्या क्रमाने उभे आहेत तो पाहिल्यावर ही कथा प्रत्यक्ष आकाश पाहणाऱ्यांनी रचली असावी, असे मला मनापासून वाटते. विदर्भातील गोंड समाज याच तारकांत नांगर पाहतो. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच समाजात सप्तर्षींच्या चौकोनाला खाट आणि मागच्या तीन ताऱ्यांना ती पळवू पाहणारे चोर मानतात.

आता तारखांविषयी, कारण त्यावरून नेहमी वाद होतो. मोसमी पाऊस सरासरीने १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत पोहोचतो. बेळगाव या दोहोंच्या मध्ये असल्याने ७-८ जूनचा मृग आपल्याकडे चांगला जुळतो, आणि रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतील पेरणी, उरकून मृगाची वाट पाहण्याची खानापूर भागातील भातशेतीची रीतही त्याला धरूनच आहे. परंतु हे जुळणे कायमचे नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश सुमारे बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात आजच्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधी येत असे. म्हणून पेरणीचा निर्णय जमिनीतील ओल आणि हवामान खात्याचा अंदाज पाहूनच घ्यावा. तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य) ही पावसाची नावे किंवा ‘पडेल हस्त तर पिकेल मस्त’ यांसारख्या म्हणी जपाव्यात त्या पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण म्हणून. आपल्या कन्नड शेजाऱ्यांची पावसाची गणतीही हीच आहे. पूर्वा नक्षत्राला ते हुब्बा म्हणतात, एवढाच फरक.

दक्षिणेकडचे आकाश हे आपल्या भागाचे खरे वैभव आहे. फेब्रुवारीच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास अगस्त्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो. दिल्लीहून तो जेमतेम ९ अंश चढतो. वातापी राक्षसाला पचवणाऱ्या अगस्त्य ऋषीचा हा तारा, आणि त्या राक्षसाच्या नावाची वातापी नगरी म्हणजे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील बदामी, जिथल्या तलावाला आजही अगस्त्य तीर्थ म्हणतात.

एप्रिल-मेमध्ये उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की तांबूस स्वाती आणि त्यापुढे पांढरी चित्रा सापडते. चित्रेजवळचा छोटा चौकोन तो हस्त. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला खाली त्रिशंकू हा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह दिसतो. त्यासाठी दक्षिण क्षितिज मोकळे हवे, म्हणून जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरझाडीपेक्षा सौंदत्तीकडील माळ अधिक सोयीचा, आणि वळवाचे ढग जमू लागण्यापूर्वीची, शक्यतो अमावास्येजवळची रात्र निवडावी.