माणसासारखे रोबोट आले तर आमच्याकडची कापूस वेचणीची मजुरी जाईल का?

तू लिहिलंस की तू बारावीत आहेस, आई कापूस वेचायला जाते आणि मोबाइलवर चालणारे-बोलणारे, कपड्यांच्या घड्या घालणारे रोबोट पाहून तुला धास्ती वाटते. मी यवतमाळ जिल्ह्यातला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आता घरचं वावर करतो. माझी आईसुद्धा कित्येक वर्षं लोकांच्या वावरात वेचायला गेली, म्हणून तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

वेचणीच्या मजुरीला धोका आहे. पण तो माणसासारख्या रोबोटकडून येईल असं मला वाटत नाही.

आधी आईचा हात बघ. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. माझी आई तीन बोटं आत घालते, मनगट किंचित वळवते आणि सगळा कापूस एका ओढीत बाहेर काढते. वाळक्या पानाचा चुरा सोबत येऊ देत नाही, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस वेगळा ठेवते. हात ओटीत जातो तोवर नजर पुढच्या बोंडावर गेलेली असते, आणि शेजारच्या पातीवरच्या बाईशी बोलणं चालूच असतं. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे किलोला २०० ते २५० बोंडं. दिवसाला ४० किलो वेचणाऱ्या बाईने आठ ते दहा हजार वेळा हे केलेलं असतं. आपण त्याला बिनकौशल्याचं काम म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

संगणकाने १९९७ मध्ये बुद्धिबळात विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं, २०१६ मध्ये गो या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडोलला. हान्स मोराव्हेक या रोबोटिक्सच्या अभ्यासकाने तर १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्राला मोठ्या माणसाइतकी बुद्धीची परीक्षा देता येणं त्यामानाने सोपं, पण वर्षभराच्या लेकरासारखं बघणं आणि हालचाल करणं फार कठीण. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि मराठीतही लिहायला लागलं, कारण त्याला शिकायला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर तयार होता. बोंड ओढताना बोटाने किती जोर लावायचा, हे कुणी कुठे लिहून ठेवलंय? ते आता कंपन्या माणसांच्या हातांच्या हालचाली नोंदवून यंत्राला शिकवू पाहतायत. शिकेलही ते. पण चिखलात, उन्हात, किलोवर मिळणाऱ्या मजुरीपेक्षा स्वस्तात ते काम करणं ही त्याच्यापुढची गोष्ट आहे.

मग धोका कुठून? अमेरिकेत कापूस वेचायची यंत्रं १९४० च्या दशकात बाजारात आली आणि १९६० चं दशक सरेपर्यंत तिथला जवळपास सगळा कापूस यंत्राने निघू लागला. त्या यंत्राला ना डोळे होते ना बोटं. फिरणाऱ्या काटेरी चात्या झाडातून जातात, कापूस त्यांना गुंडाळला जातो, बस. यंत्र माणसासारखं झालंच नाही, वावर यंत्राच्या सोयीचं केलं गेलं. झाडं एका उंचीची, बोंडं एकदम फुटणारी, आणि काढणीआधी औषध फवारून पानं गाळलेली.

आपल्याकडे अजून तसं नाही म्हणून आपल्या आया वेचतायत. आपला संकरित कापूस पसरतो, उंच वाढतो, आणि बोंडं दोन-तीन महिने टप्प्याटप्प्याने फुटतात. पहिला वेचा, दुसरा वेचा, मग फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा कापूस. यात ते यंत्र घातलं तर हिरवी बोंडं आणि पाला सगळंच ओरबाडेल. पण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन म्हणजे दाट लागवडीवर बरंच काम केलंय. दोन ओळींत ९० सेंटिमीटर, दोन झाडांत १५ सेंटिमीटर, बुटकं झाड, लवकर फुटणारं पीक. कोरडवाहू हलक्या जमिनीत उत्पन्न वाढावं हा त्यात हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. मात्र अशा वावरात यंत्राची वाट सोपी होते, हेही तेवढंच खरं.

एक काम मात्र यंत्राने उद्या नाही, आजच घ्यावं असं मला मनापासून वाटतं: फवारणी. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. पाठीवर पंप, समोर झाड, नोझल तोंडाच्या उंचीवर. माझा काका संध्याकाळी घरी आला तर त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं. आठवडाभर दवाखान्यात होता, वाचला. त्याच्यासोबत फवारायला जाणारा गडी वाचला नाही. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एकराचं काम दहा मिनिटांच्या आत करतो आणि माणूस धुऱ्यावर लांब उभा राहतो. महिलांच्या १५,००० बचत गटांना असे ड्रोन द्यायची योजना केंद्राने २०२३ मध्ये आणली. तिथे मजुरी बुडते म्हणून मला हळहळ वाटत नाही.

तुझ्यासाठी सांगायचं तर, १८ वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलं की मान्यताप्राप्त संस्थेत ड्रोन चालवायचं प्रशिक्षण घेता येतं. नुसतं उडवणं शिकू नकोस, दुरुस्तीही शीक, मोटार आणि बॅटरी उघडून बघ. आणि आईला आताच सांग की वेचणीवरच सगळी भिस्त ठेवू नको. बचत गटात असेल तर ड्रोनसाठी अर्ज घेतायत का ते विचारा.

रोबोटचे व्हिडिओ बघ, पण यंदा पेरणी झाली की तुमच्या शिवारात एक चक्कर मार. किती वावरांत दोन झाडांमधलं अंतर वीतभराहून कमी झालंय, ते मोजून इथेच खाली लिही. मी माझ्या गावचं लिहितो.