वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचे हिरवे प्रमाणपत्र आणि फिकट स्क्रीन

प्रश्न : स. न. वि. वि. सदाशिव पेठेत आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. आठ लॅपटॉप घ्यायचे असून विक्रेत्याने दोन मॉडेलांची कोटेशने दिली आहेत. महागड्या मॉडेलपुढे ‘ईपीट गोल्ड, टीसीओ सर्टिफाइड, एनर्जी स्टार’ असे लिहिलेले आहे. स्वस्त मॉडेलपुढे काहीच नाही. ‘एवढी प्रमाणपत्रे आहेत म्हणजे स्क्रीनही उत्तमच असणार’, असे विक्रेता म्हणतो. आमची माणसे दिवसाचे आठ-नऊ तास एक्सेलपुढे बसतात आणि सध्याच्या लॅपटॉपवर दुपारनंतर आकडे नीट दिसत नाहीत, डोके दुखते, अशी त्यांची तक्रार आहे. या प्रमाणपत्रांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? शिवाय २००८ साली घेतलेले दोन लॅपटॉप माळ्यावर पडून आहेत, त्यांचे काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेत्याच्या वाक्यातला ‘म्हणजे’ तेवढा काढून टाकावा. प्रमाणपत्रे खरी असतील आणि स्क्रीनही कदाचित उत्तम असेल, पण पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

ईपीट ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची २००६ पासून चालू असलेली पर्यावरणीय नोंदणी आहे. यंत्रात घातक द्रव्ये किती, पुनर्वापरातले प्लॅस्टिक किती, भाग उघडून बदलता येतात का, उत्पादक जुना माल परत घेतो का, अशा गोष्टी तिथे तपासल्या जातात. सगळे अनिवार्य निकष पाळले की कांस्य, त्यावर ऐच्छिक निकषांचे निम्मे गुण मिळाले की रौप्य आणि ७५ टक्के मिळाले की सुवर्ण, अशी तिची चढती रचना आहे. ही नोंदणी देशवार असते, त्यामुळे आपल्याला दिले जाणारे मॉडेल भारतासाठी नोंदलेले आहे का, हे ईपीटच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. एनर्जी स्टार ही अमेरिकी सरकारची १९९२ पासूनची योजना असून ती केवळ विजेचा हिशेब पाहते. टीसीओचे मात्र थोडे निराळे आहे. स्वीडनमधील कर्मचारी महासंघाच्या पुढाकारातून ते १९९२ मध्ये सुरू झाले तेच मुळी कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी, आणि आजही त्यात स्क्रीनच्या उजेडाचे व स्पष्टतेचे निकष आहेत. अर्थात ती उत्तीर्ण होण्यापुरती पातळी आहे, गुणवत्ता यादी नव्हे. (लॅपटॉपच्या तळाशी असलेले बीआयएसचे चिन्ह पुष्कळ जण पर्यावरणाचे समजतात; ते विद्युत सुरक्षेचे असते.)

खरी मेख पुढेच आहे. बिझनेस लॅपटॉपचे एकच मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या पॅनेलांसह (पॅनेल म्हणजे स्क्रीनचा प्रत्यक्ष चित्र दाखवणारा भाग) विकले जाते आणि माहितीपत्रकात सगळ्यांपुढे प्रमाणपत्रे तीच छापलेली असतात. सर्वांत स्वस्त पॅनेल बहुधा २५० निट्स (हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) उजेडाचे आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ रंगांचे असते, तर त्याच मॉडेलचे वरचे पॅनेल ४०० निट्स व ‘१०० टक्के एसआरजीबी’ असते (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते हे मोजण्याची दोन परिमाणे). पहिल्यावर फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. आपल्या कामात रंगवलेल्या चौकटींना अर्थ असतो, तेव्हा ही बाब शोभेची नाही. पश्चिमेच्या खिडकीशी बसणाऱ्याला २५० निट्स दुपारी अपुरेच पडणार. माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ येथेच असावे.

म्हणून दुकानात जाताना आपलीच एखादी एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी. फिकट पिवळ्या आणि फिकट करड्या चौकटींची फाइल दोन्ही लॅपटॉपवर शेजारी-शेजारी उघडावी, लॅपटॉप दाराकडच्या उजेडात ठेवावेत आणि झाकण हळूहळू मागे झुकवावे. चांगल्या आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर रंग जागच्या जागी राहतात, जुन्या टीएन प्रकारात ते उलटेपालटे होऊ लागतात. पृष्ठभाग मॅट आहे ना, हेही पाहावे. तकतकीत स्क्रीनमध्ये आकड्यांपेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसते. मग उजेड अगदी कमी करून फोनच्या स्लो-मोशनमध्ये स्क्रीनचे चित्रीकरण करावे. ठळक पट्टे सरकताना दिसले, तर ती स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी भरभर लुकलुकते असे समजावे. काहींचे डोके त्याने दुखते. ‘लो ब्लू लाइट’ या शिक्क्याला मी फारसे महत्त्व देणार नाही. १६:१० प्रमाणाची, म्हणजे रुंदीच्या मानाने थोडी अधिक उंच स्क्रीन मिळाली तर मात्र जरूर घ्यावी, कारण १९२० × १०८० ऐवजी १९२० × १२०० ठिपके (पिक्सेल) मिळाल्यावर एक्सेलच्या चार-सहा ओळी जास्त दिसतात. एवढे करूनही डोके दुखत राहिले तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पैशांविषयी म्हणाल, तर पॅनेलचे निट्स, रंगांची टक्केवारी आणि पृष्ठभाग या तीन गोष्टी कोटेशनमध्ये लेखी मागाव्यात, आणि हात आखडता घ्यावाच लागला तर प्रमाणपत्रावर घ्यावा, पॅनेलवर घेऊ नये. हे पर्यावरणाच्या विरोधात नाही. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो, त्यामुळे जो लॅपटॉप आपली माणसे कुरकुर न करता सात वर्षे वापरतील तोच हिशेबात बसतो. स्क्रीनला कंटाळून तिसऱ्या वर्षी बदललेला ‘गोल्ड’ लॅपटॉप बसत नाही.

माळ्यावरचे लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नयेत. त्या काळच्या बऱ्याच स्क्रीनमागे एलईडीऐवजी पाऱ्याचा अंश असलेली बारीक नळी असते आणि ती फोडली की पारा बाहेर पडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा मालाच्या विल्हेवाटीची उत्पादकावर जबाबदारी आहे, तेव्हा त्या कंपनीकडे विचारणा करावी किंवा पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला कळवावे. देण्यापूर्वी दोन्हींच्या हार्ड डिस्क मात्र काढून घ्याव्यात; आपल्या अशिलांची जुनी विवरणपत्रे त्यांत असणारच.