वाचक विचारतात: पावसाळ्यानंतर ग्राफिक्स कार्ड डिस्प्ले देईना

प्रश्न (मालवण): घर जूनपासून बंद होतं. गणपतीला आल्यावर पीसी चालू केला, तर सगळे पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. प्रोसेसर आय५-१०४००एफ, कार्ड जुनं जीटीएक्स ६६०. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घ्या. खरंच गेलं असेल का?

उत्तर: इतक्यात नवीन घेऊ नका. पंखा १२ व्होल्टवर फिरतो, चिपशी त्याचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे फिरणाऱ्या पंख्यावरून कार्ड चांगलं की वाईट, काहीच ठरत नाही.

पहिली गोष्ट मॉनिटरच्या केबलची. तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' आहे, म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावली असेल तर तिथून चित्र कधीच येणार नाही. केबल कार्डालाच हवी. दुसरं, जीटीएक्स ६६० ला १४० वॅटपर्यंत लागतात. मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, बाकीचे ६-पिन केबलने येतात. ती केबल काढून पिना बघा. एखादी पिन तपकिरी किंवा हिरवट झाली असेल तर घोटाळा तिथेच आहे. प्रोसेसरची ४+४ पिनांची केबल मात्र कार्डात कोंबू नका. दिसायला सारखी असली तरी तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं बारीक मीठ धुळीबरोबर कॅबिनेटमध्ये बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती महिनोन्महिने त्याहून जास्त असते. कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण अगदी पातळ. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खारं पाणी खालच्या तांब्यापर्यंत पोहोचतं आणि हिरवा थर वर येतो. म्हणून तीन-चार महिने बंद राहिलेला पीसी आल्या आल्या चालू करू नये. झाकण काढून टेबल फॅनसमोर एक दिवस ठेवावा. ओलसर बोर्डातून वीज वाहू लागली की गंज फार झपाट्याने वाढतो.

साफ करताना आधी प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. स्लॉटची कडी सोडवून कार्ड सरळ वर काढा. पट्ट्यांवर पांढरं मऊ खोडरबर फिरवा, हात वरून कडेकडे एकाच दिशेने. पेनाची शाई खोडायचं खरखरीत रबर वापरलंत तर सोनंच निघून जाईल. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कडेला जी खाच दिसते तिच्या अलीकडच्या छोट्या भागात वीज येते, आणि खाचेच्या लगेच पलीकडे सोळापैकी पहिली डेटा लेन, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याची वाट, असते. तीच नसेल तर बाकी पंधरा चांगल्या असूनही बोर्डाला कार्ड दिसत नाही, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. स्लॉटमध्ये सुरी किंवा कापड घालू नका. कोरड्या मऊ ब्रशने झाडून त्याच अल्कोहोलने पुसलेलं कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पिना आपोआप घासल्या जातात. पूर्ण वाळल्याशिवाय वीज लावायची नाही. डिस्प्ले आला की जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून 'बस इंटरफेस' बघा. तुमचा स्लॉट पूर्ण रुंदीचा असून शेवटी एक्स१६ ऐवजी एक्स४ किंवा एक्स८ दिसत असेल, तर काही लेन अजून मळलेल्या आहेत.

एवढं करूनही अंधारच असेल तर संशय बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर, सीआर२०३२ वर घ्या. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. घराचा मेन स्विच महिनोन्महिने बंद राहिला की सेल उतरतो आणि बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, मूळ सेटिंगवर जाते. तुमच्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांत मूळ सेटिंगमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कार्डांना चालवून घेणारी सोय, बंद असतं. तुमच्यासारख्या २०१२ च्या कित्येक कार्डांच्या स्वतःच्या बायोसमध्ये यूईएफआयसाठी (पीसी सुरू करण्याच्या नव्या पद्धतीसाठी) लागणारा भाग नसतो, आणि सीएसएमशिवाय ती मुकी राहतात. जूनपर्यंत चालणारं कार्ड गणपतीत 'गेलं' असं वाटण्यामागे हे कारण आम्हाला फार संभवनीय वाटतं. ओळखीच्या कोणाकडून जीटी १०३० सारखं नवं कार्ड तासाभरासाठी आणा. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. ते लावून बायोसमध्ये जा, सीएसएम चालू करा, सेव्ह करा, मग आपलं कार्ड परत लावा. बायोसमध्ये तारीखही जुनी दिसली तर सेलचाच दोष होता.

तरीही जमलं नाही तर कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघा. तिथेही डिस्प्ले आला नाही, तर मल्टिमीटर बीपवर ठेवून बाहेर काढलेल्या कार्डाच्या ६-पिन सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये तपासा. सलग बीप म्हणजे शॉर्ट, आणि असं कार्ड पुन्हा लावू नका. चिपजवळच्या कॉइलवर मात्र ही चाचणी करू नका, तिथे चांगल्या कार्डातही रोध अगदी कमी असतो. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चाललंच तर काही दिवस चालतं, आणि ज्या ओव्हनमध्ये आपण खायचं करतो त्यात ती वाफ नको.

प्रश्न (दापोली): जीटी ७३० वर विंडोज १० चा लोगो दिसतो, मग स्क्रीन काळी.

उत्तर: लोगो दिसतो म्हणजे कार्ड, केबल, स्लॉट ठीक आहेत. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा. विंडोज सुरू होताना तीन वेळा पॉवर बटण दाबून बंद करा, रिपेअरचा पडदा येईल, तिथून सेफ मोड. डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. नवा टाकण्याआधी जीपीयू-झेडमध्ये शेडर्सचा (चिपमधल्या छोट्या गणकांचा) आकडा बघा, कारण ७३० या एकाच नावाखाली दोन पिढ्या विकल्या गेल्या. ९६ असेल तर ते फर्मी, त्याला ३९१.३५ हा ड्रायव्हर चालतो. ३८४ असेल तर केप्लर, त्याला ४७० मालिकेतला.

प्रश्न (गुहागर): जीटीएक्स १०५० टीआयच्या डीव्हीआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी कन्व्हर्टर घेतला, पण तो बसतच नाही.

उत्तर: बसणार नाही. कार्डावर डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल, आहे. चपट्या फटीभोवतीची चार छिद्रं त्यात नसतात, आणि व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल त्यांतूनच येतो. कन्व्हर्टरच्या पिना कापून बसवू नका, चित्र तरीही येणार नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या.