बार रूममध्ये चहा मिळतो, पण शिकायला कुठं मिळतं?

वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

मागच्या अंकात तालुका कोर्टातल्या ज्युनियर वकिलांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही, पण वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे, आमच्याकडे वकील संघ म्हणजे बार असोसिएशन आहे, बार रूम म्हणजे वकिलांची खोली आहे, खुर्च्या आहेत, पण शिकणं नाही. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. मी तेवीस वर्षं तालुका कोर्टात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही करतेय, आमच्या संघाची सेक्रेटरी पण होते, त्या अनुभवावरून लिहितेय.

प्रश्न : मॅडम, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात दोन वर्षं प्रॅक्टिस करतोय. आमच्या असोसिएशनमध्ये सत्कार, निरोप समारंभ, क्रिकेट, सहल आणि निवडणूक एवढंच होतं. कधी व्याख्यान ठेवलंच तर हारतुरे तासभर आणि विषय वीस मिनिटं. सिनियरना काही विचारायची भीती वाटते. अभ्यासवर्ग सुरू करावा असं आम्हा तीन-चार पोरांना वाटतं पण आमचं ऐकणार कोण?

ऐकतात रे, पण मागायचं काय ते नीट ठरवून जा. अध्यक्षांकडे जाऊन "अभ्यासवर्ग सुरू करा" म्हणालास तर ते म्हणणार बघू, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ, आणि ती मीटिंग काही होत नाही. त्यापेक्षा एक साधा अर्ज लिहा, आम्हाला दर शुक्रवारी कोर्ट उठल्यावर पाऊण तास बार रूम द्या, पैसे नकोत, चहा पण नको. खोली द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

आमच्याकडे असा शुक्रवारचा वर्ग २०२४ मध्ये सुरू झाला आणि तो गरजेपोटी झाला. १ जुलै २०२४ ला सोमवार होता, त्या दिवसापासून जुने आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेले काका आणि चार महिन्यांपूर्वी सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळालेली पोरगी एकाच वर्गात येऊन बसले. ३०२ म्हणलं की खून आणि ४२० म्हणलं की फसवणूक हे हाडात भिनलेलं, ते १०३ आणि ३१८ झालं. अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर गेला, आणि जुन्या ४८२ खाली आपण गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचो ते आता ५२८. शिवाय १ जुलैच्या आधी घडलेला गुन्हा असेल तर कलम जुन्याच कायद्याचं लागणार, म्हणजे दोन्ही डोक्यात ठेवायचे. तेव्हा आम्ही काय केलं, प्रत्येकानं नव्या कायद्यांतलं एक एक प्रकरण वाटून घेतलं, शुक्रवारी उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी अडवायचं. सहा महिन्यांत निम्मे लोक गळाले हे खरंय, एका पावसाळी शुक्रवारी आम्ही दोघंच होतो, पण त्या दोघांनी पण एक निकाल वाचला आणि मगच घरी गेलो. वर्ग टिकला तो त्या शुक्रवारमुळे असं मला मनापासून वाटतं.

आता सिनियरची भीती. सिनियरना "व्याख्यान द्या" असं कधीच म्हणू नका, त्यांना पण तयारीचं टेन्शन येतं, ते टाळतात. त्यांना म्हणा की सर ती अमुक केस, तुम्ही जमीन मोजणाऱ्या मोजणीदाराचा उलटतपास घेतला होता आणि त्याचा नकाशा कोर्टात टिकला नव्हता, तो कसा घेतला ते सांगा. मग बघ, जो माणूस दहा वर्षांत स्टेजवर चढला नाही तो दीड तास बोलतो, केसपेपर घेऊन येतो, पहिला प्रश्न काय विचारला आणि तिसरा प्रश्न मुद्दाम का नाही विचारला हे सांगतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही, ते आपल्याच बार रूममध्ये कोपऱ्यात पेपर वाचत बसलेलं असतं आणि आपण ते न विचारता घालवतो याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या तालुक्यातले दोन मोठे दिवाणी वकील गेले, त्यांच्याबरोबर वाटपाच्या दाव्यातलं सगळं ज्ञान गेलं, एक पान पण कुणी लिहून ठेवलं नाही.

सुरुवात कुठून करू असं विचारशील तर मी सांगेन इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटपासून कर, कारण त्यात मी स्वतः अशिलाचं नुकसान केलंय. बांधाचं भांडण होतं, शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात कुंपण तोडताना स्पष्ट दिसत होतं, मी पेन ड्राईव्ह दाखल केला आणि जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब चं सर्टिफिकेट, म्हणजे हे शूटिंग कुठल्या उपकरणातून कसं काढलं त्याचा दाखला, लावलंच नाही. समोरच्यांनी हरकत घेतली, मी धावत दुकानदाराकडे गेले तर त्यानं तो डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं शूटिंग साठवणारं यंत्र, भंगारात दिलेला. अशील मला काही बोलला नाही, पण तो नुसता बघत राहिला ते अजून आठवतं. आणि या विषयावरचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीतला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. २०१४ ची विधानसभा, वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधलं कॅमेऱ्याचं शूटिंग. कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टासमोर आणलं नसेल तर सर्टिफिकेट लागणारच, आणि मागूनही कुणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवून घ्या. आता नव्या कायद्यात ते कलम ६३ आहे, सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, हॅश व्हॅल्यू पण लिहावी लागते, म्हणजे त्या फाईलचा बोटाच्या ठशासारखा कोड, फाईल जरा बदलली तरी तो बदलतो. एका शुक्रवारी नुसता तो फॉर्म प्रत्येकानं हातानं भरून बघा. मोबाईलमधला एखादा फोटो घ्या, हॅश काढा, भरा. भाषणापेक्षा त्यात जास्त शिकून होतं.

आणि मराठीत बोला. खालच्या कोर्टाची भाषा मराठी व्हावी म्हणून सरकारनं १९९८ मध्येच अधिसूचना काढली, तरी आपल्याकडे व्याख्यान म्हणलं की इंग्रजी आणि मग मागच्या रांगेतला कुणी प्रश्न विचारत नाही.

प्रश्न : बार काउन्सिल आणि बार असोसिएशन एकच का? असोसिएशनचा मेंबर नसेल तर कोर्टात उभं राहता येत नाही असं एकानं सांगितलं.

एक नाहीत. बार काउन्सिल १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली आहे, सनद तीच देते आणि वकिलावर शिस्तीची कारवाई पण तिच्याकडेच, आपली महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे. असोसिएशन म्हणजे त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी एकत्र येऊन केलेली संस्था. कोर्टात उभं राहायचा हक्क सनदेनं मिळतो, असोसिएशनच्या पावतीनं नाही. तरी मेंबर व्हाच, लायब्ररी, बसायची जागा, अडीअडचणीला माणसं तिथंच मिळतात. आणि मेंबर झालात की हिशोब विचारा. बरेच संघ पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेले असतात, तसं असेल तर दर वर्षी ऑडिट लागतं आणि कमिटी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अर्ज, द्यावा लागतो. दुसऱ्यांच्या ट्रस्टचे चेंज रिपोर्ट आपण भरतो आणि आपल्याच संघाचे राहिलेले असतात, हे बरोबर नाही.

प्रश्न : ताई, बाळंतपणानंतर चार वर्षांनी परत कोर्टात आलेय. सगळे कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर असतात, तेव्हा मला घरी जावं लागतं. कमिटीत एकही बाई नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. निवडणुकीला उभी राहू का?

उभी राहा. बिनविरोध मिळालं तर घे, पण पडायची पण तयारी ठेवून उभी राहा, मी पहिल्यांदा अकरा मतांनी पडले होते. २ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवायला लावल्या आणि त्या वर्षी खजिनदारपद पण बाईसाठी राखीव ठेवलं. तो आदेश तुमच्या तालुक्याला आपोआप लागू होत नाही, पण सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना तो हातात ठेव, दिल्लीत चालतं तर इथं का नाही एवढं विचारलं तरी सभा जरा सावध होते.

तोपर्यंत वेळेचं बघ. आम्ही महिन्यातला एक वर्ग दुपारच्या सुट्टीत घेतो, डबा खात खात, अर्धाच तास, आणि त्याला बायका सगळ्यात जास्त येतात. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या, १८६६ साली, ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या तरी बायकांना वकिली करता येईल असा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. म्हणजे दार उघडून अजून फार काळ झालेला नाही गं, आणि आत गेल्यावर वेळ सहाची की दुपारची हे सुद्धा आपल्यालाच मागून घ्यावं लागतंय. चार वर्षांचा गॅप पडला म्हणून स्वतःला मागे समजू नकोस, फौजदारी कायदा नवा आला तेव्हा सगळ्यांचाच गॅप पडला होता.

प्रश्न : मला जज व्हायचंय. आता तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते म्हणे. सिनियर महिन्याला पेट्रोलपुरते पैसे देतात. असोसिएशन यात काही करू शकते का?

हो, २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या पहिल्या पायरीसाठी, तीन वर्षांची प्रॅक्टिस परत आली. मोजायची कधीपासून तर सुरुवातीची तात्पुरती नोंदणी झाली तेव्हापासून, बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही, हे नीट लक्षात ठेव. दाखला किमान दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलाचा आणि त्यावर न्यायाधीशांचा शेरा. म्हणून आजपासून वही ठेव, कुठल्या केसमध्ये तू हजर होतास, काय अर्ज दिलास, रोजनाम्यात, म्हणजे त्या तारखेला केसमध्ये काय झालं त्याच्या कोर्टाच्या नोंदीत, तुझं नाव आलंय का. रोजनाम्यात नाव यावं म्हणून सिनियरच्या वकीलपत्रावर तुझी पण सही घ्यायला सांग, हे मागायला लाजू नकोस.

पैशाचं म्हणशील तर बार काउन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलंय की ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्यातल्या बऱ्याच सिनियरना स्वतःलाच तेवढं सुटत नाही हे मला माहितेय, तरी काहीच न देणं हे मला पटत नाही, पोरं आपली फाईल उचलतात, तारखा घेतात, आपण हायकोर्टात गेलो की आपलं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेस, सांभाळतात. असोसिएशननं निदान एक आकडा ठरवून ठराव करावा. आणि तू तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर यायचं कधी जमतं ते विचारून ठेव, मोफत कायदे साहाय्याच्या केसेसमध्ये मानधन कमी आहे पण साक्षीदार स्वतः तपासायला मिळतो.

प्रश्न : माझं वय ६४. नवीन पोरं ई-फाईलिंग करतात, मला ते जमत नाही, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. आता या वयात बार रूममधल्या वर्गाला जाऊन बसायचं म्हणजे अवघड वाटतं. काय करू?

सर, तुम्ही पत्र लिहिलंत हेच मला खूप मोठं वाटलं. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सरकारनं ७,२१० कोटी मंजूर केलेत, म्हणजे नुसत्या कागदावरचे दिवस आता परत येत नाहीत, पण शिकायला लागतं ते फार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप घ्या आणि तुमच्या पाच केसेसचे सीएनआर नंबर टाका, प्रत्येक केसचा स्वतःचा, अक्षरं आणि आकडे मिळून सोळाचा नंबर असतो तो, टाकला की तारीख, टप्पा, हुकूम सगळं दिसतं. दुसऱ्या आठवड्यात एक कागद स्कॅन करून पीडीएफ करायला शिका. फाईलिंग त्यानंतर, आणि ते कुणाच्या तरी शेजारी बसून स्वतःच्या हातानं, त्यानं करून दिलेलं बघून येत नाही. कोर्टात ई-सेवा केंद्र असेल तर तिथं पण मदत मिळते.

वर्गाला जाऊन मागं बसायचं नसेल तर एखाद्या ज्युनियरशी सरळ ठरवा, तू मला मंगळवारी अर्धा तास फाईलिंग शिकव, मी तुला गुरुवारी अर्धा तास दिवाणी दाव्याची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, कशी लिहायची ते शिकवतो. आमच्याकडे अशा तीन जोड्या आहेत. त्यातल्या एका जोडीतले सर ७१ वर्षांचे आहेत, परवा त्यांनी स्वतः पहिला अर्ज अपलोड केला आणि पोचपावतीची प्रिंट काढून डायरीत चिकटवून ठेवलीय.