फीत कापून झाली, आता रोजचं काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळची तिन्ही पत्रं जुन्या वास्तूंबद्दलची आहेत. उत्तरं देणारी मी सोलापूरचीच, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतेय.

प्रश्न : आमचा पणजोबांच्या काळातला वाडा दक्षिण कसब्यात आहे. तीन वर्षं खपून नीट केला, कडीपाट म्हणजे लाकडी छत, माळवद म्हणजे त्यावरचं मातीचं धाबं, चौकातली फरशी सगळं. दिवाळीला लोकांसाठी उघडला, रविवारी तर रांग लागते. पण दोनच महिन्यांत माडीचा जिना हलायला लागलाय, भिंतींवर नावं कोरलीत, आणि माझे दोघे दीर म्हणतायत की लग्नाला भाड्यानं देऊ, खर्च तरी निघेल. काय करावं? – एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी जिना. उद्या सकाळी माडी बंद करा, दोरी बांधा, पाटी लावा, लोक कुरकुरले तरी चालेल. बघा, त्या माडीवर तुमच्या घरची दहाबारा माणसं राहिली, ती सुद्धा कोण माजघरात कोण गच्चीवर अशी पसरून. आता रविवारी चाळीस जण एकाच खणात उभे राहून मोबाईल वर धरून कडीपाटाचा फोटो काढतात आणि ते सगळं वजन दोन तुळयांवर, म्हणजे जाड आडव्या लाकडांवर, येतं. तुळई मोडत नाही लगेच, पण भिंतीत जिथं तिचं टोक बसलंय तिथली माती हळूहळू निसटते आणि मग जिना हलतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला, आणि त्याच्याकडून एकच आकडा लेखी घ्या की वर एका वेळी किती माणसं. तो आकडा बारा आला तर बारा, पाहुणा कितीही मोठा असू दे.

तोवर घरच्या घरी एक करा. जिन्याजवळ भिंतीला तडा असेलच, त्याच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवा आणि खाली तारीख लिहा. काच फुटली की समजायचं भिंत अजून सरकतेय. चार महिने शाबूत राहिली तर तडा बहुतेक जुना आहे, तरी पट्टी पुढचा पावसाळा होईपर्यंत काढू नका. मी स्वतः असल्या पट्ट्या रोज सकाळी जाऊन बघितल्यात आणि खरं सांगते, काच अख्खी दिसली की दिवस चांगला जातो.

कोरलेली नावं ॲसिडनं नाहीतर तारेच्या ब्रशनं काढायला जाऊ नका. चुन्याचा गिलावा असेल तर तेवढ्याच जागी चुन्याचा हात द्या. चपला ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीतच काढायला लावा, आपल्याकडं तसंही कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, आणि चपलेच्या तळाची वाळू फरशी कशी घासते हे महिन्याभरात तुमच्याच लक्षात येईल.

आता लग्न. मी स्पष्ट सांगते, देऊ नका. मांडववाले खिळे ठोकणार, सागवानी खांबाला तारा आवळणार, चौकात गॅसच्या शेगड्या लागणार, तेल सांडणार आणि दगडात मुरलेलं तेल नंतर निघत नाही. त्यात डीजे. माळवदाची पांढरी माती त्या दणक्यानं कडीपाटातून भुरभुर खाली येते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. त्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवशी फोटोशूटला ठरलेले दोन तास द्या, डिपॉझिट घेऊन, महिन्यातून एकदा चौकात पन्नास माणसांची गाण्याची बैठक ठेवा, शाळांच्या सहली सकाळी घ्या. पैसे लग्नाएवढे नाही मिळणार, पण वाडा राहील.

आणि तिकीट लावाच. आपल्या भुईकोट किल्ल्याला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे की, लोक काढतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथं फुकट सोडतात, तेवढं तुम्हीही करा. मात्र तिकिटाचे पैसे घरखर्चात मिसळू नका. वेगळं खातं काढा आणि त्यातून पहिला पगार द्या रोज किल्ली लावणाऱ्या माणसाला. हा माणूस मला गाइडपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दार उघडायचं, झाडायचं, छताचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळ्या बघायच्या, कुठं ओल आली, कुठं पिंपळ उगवला हे वहीत लिहायचं. पिंपळ बोटाएवढा असताना हातानं निघतो, मनगटाएवढा झाला की भिंत उतरवावी लागते.

हे मी इतकं कळकळीनं का सांगते तर आमच्या पहिल्या कामांपैकी एक जागा होती, नाव नको, सुंदर कमानीचं जुनं बांधकाम, आम्ही जीव ओतून नीट केलं. उद्घाटन झालं, भाषणं झाली, हार तिथंच सुकले. नंतर किल्ली कुणाकडं आहे हेच कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या पावसाळ्यात फोन आला म्हणून गेले तर मागची भिंत पोट काढून उभी. वर चढून बघितलं तर पन्हाळीत कडुलिंबाचा पाला आणि त्यात रुतलेला चहाचा एक प्लास्टिकचा कप. त्या कपानं पाणी अडवलं, पाणी भिंतीत उतरलं. कुणी पंधरा दिवसांनी एकदा हात घातला असता तर ती भिंत परत बांधावी लागली नसती. त्या दिवशी मी तिथंच बसून रडले होते.

अजून एक, तुमचा वाडा किल्ल्यापासून किती लांब आहे ते मोजून घ्या. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढं 200 मीटर नियंत्रित क्षेत्र, हे प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली घातलं. त्यात बसत असाल तर पर्यटकांसाठी बांधायचा संडास सुद्धा परवानगीशिवाय बांधू नका. आणि परवानगी मिळाली तरी शोषखड्डा पायापासून लांब.

प्रश्न : आमच्या मंडळानं गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, साफ केली, गाळ काढला, पायऱ्या मोकळ्या झाल्या. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दगडांच्या सांध्यात सिमेंट भरू, वर फरशी लावू, कलर लाइट टाकू, मग गर्दी होईल. – एक कार्यकर्ता, मंगळवेढा तालुका

उत्तर : दादा, शाबासकी आधी, गाळ काढणं हे सगळ्यात अवघड काम असतं आणि ते तुम्ही केलंत. पण आता घाई करू नका. सिमेंट नकोच. दगडी बांधकामातली ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते, सिमेंटनं सांधा बंद केला की ती ओल दगडातून वाट काढते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुनाच वापरा, नीट मुरवलेला, हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून जुने गवंडी करायचे तसा, आणि काम पावसाळा संपल्यावर थंडीत काढा. आपल्या मे महिन्यात चुना वाळतो, पण धरत नाही. ओली पोती टाकून रोज पाणी मारायला माणूस लागतो.

पण त्याच्याही आधी बारव राज्य संरक्षित आहे का ते पुरातत्त्व विभागाकडं लेखी विचारा. संरक्षित असेल तर तुम्ही परस्पर काहीच करू शकत नाही, मात्र राज्याची संगोपन योजना आहे, 2007 पासून, तिच्यात संस्थांना स्मारक ठराविक काळासाठी देखभालीला देतात. सोलापूरहून तासाभरावरचा नळदुर्ग किल्ला त्याच योजनेतून सांभाळायला दिला होता. तिथं पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला किती गर्दी होते ते एकदा जाऊन बघा, पण धबधब्याकडं बघू नका, माणसं कुठं थांबतात, कुठं घसरतात, गाड्या कुठं लावतात ते बघा. बारवेचं काम तिथूनच समजेल. फरशी नकोच, शेवाळ्यावर अजून घसरेल. कलर लाइटही नको, पायऱ्या दिसतील एवढा साधा पिवळा उजेड पुरे आणि तोही अंधार पडल्यावर तासभरच, नंतर फाटक बंद. पाण्यापाशी साखळी आणि टायरची ट्यूब आजच लावा, यात्रेची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्या गढीवर येणाऱ्यांना गावातली पोरं सांगतात की इथनं विजापूरपर्यंत भुयार आहे. लोकांना ते आवडतं. आम्ही बंद करावं का? – एक निवृत्त शिक्षक, अक्कलकोट तालुका

उत्तर : गुरुजी, पोरांना बंद करू नका, त्यांच्या हातात खरी गोष्ट द्या. ती कमी रंगत नाही. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक बघा, 1938 ला चीनला गेलेला सोलापूरचा डॉक्टर 1942 ला तिथंच वारला, एवढं सांगितलं तरी माणूस गप्प उभा राहतो. हुतात्मा चौकात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही इंग्रजांनी फाशी दिलेल्यांची चार नावं आणि 12 जानेवारी 1931 ही फाशीची तारीख पोरांकडून म्हणून घ्या, आपल्या पोरांना ती पाठ असायला हवी. गढीचंही तसंच. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा कोण राहायचं, दुष्काळात काय झालं, आणि जे कळेल ते तारखेसकट एका पानावर लिहून द्या.

आणि पोरं ज्याला भुयार म्हणतात ते बहुतेक पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा असणार. एकदा स्वतः उतरून खात्री करा, पण आधी झाकण दिवसभर उघडं ठेवा, एकट्यानं उतरू नका आणि कमरेला दोर बांधा, आत हवा कोंडलेली असते. पेवच निघालं तर तोंडावर लोखंडी जाळी बसवा, एका पोराच्या हातात टॉर्च द्या आणि येणाऱ्याला वाकून आतली शेणानं सारवलेली गोल भिंत बघू द्या.